दुरुस्तीनंतरही गाडीची टक-टक थांबेना? मग रॉबर्ट हूक या माणसाची गोष्ट वाचाच

गाडी गॅरेजमधून परत येते. नवा ॲक्सल बसलेला असतो, बिलही भरलेलं असतं. पहिल्याच वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की खालून परत तोच आवाज. टक, टक, टक. मेकॅनिक म्हणतो, दुसऱ्या बाजूचाही बदलून टाकू. तोही बदलला जातो. पैसे जातात, आवाज मात्र जागचा हलत नाही.

अशा वेळी आपण सगळे एकच प्रश्न विचारतो, की आता काय बदलायचं? पण खरं तर त्याआधी दुसराच प्रश्न विचारायला हवा. हा आवाज किती वेळाने येतोय, आणि गाडीतली नेमकी कोणती गोष्ट तितक्याच वेळाने फिरतेय?

यंत्राच्या आवाजाकडे अशा नजरेने बघणारा एक माणूस साडेतीनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये होता. त्याचं नाव रॉबर्ट हूक. शाळेत स्प्रिंगला वजनं लटकवून आपण ज्याचा नियम पाठ केला, तोच हा हूक. पण त्याची ओळख फक्त स्प्रिंगपुरती नाही. जीप, ट्रक आणि ट्रॅक्टरच्या खाली जो क्रॉस असलेला सांधा फिरतो, त्यालाही इंग्रजीत हूकचंच नाव आहे. म्हणजे ज्या सांध्यातून टक-टक येते, तो सांधा समजावून सांगणारा आणि ती टक-टक कान देऊन ऐका म्हणणारा, हा माणूस एकच.

घड्याळ उघडून बघणारा पोरगा

हूकचा जन्म १८ जुलै १६३५ चा. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे, तिथल्या फ्रेशवॉटर गावात त्याचे वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. पोरगा लहानपणापासून आजारी असायचा, डोकं सतत दुखायचं, त्यामुळे शाळेची गोडी लागली नाही. एकटा बसून तो काहीतरी बनवत राहायचा. एकदा त्याने पितळी घड्याळ सुटं होताना पाहिलं आणि तसंच घड्याळ लाकडात घडवलं. ते चाललंही.

१६४८ मध्ये वडील गेले. तेराव्या वर्षी पोरगा लंडनला आला. चित्र काढायचा हात चांगला होता म्हणून पीटर लेली या नावाजलेल्या चित्रकाराकडे काही दिवस राहिला. तिथे त्याचं मन रमलं नाही. पुढे वेस्टमिन्स्टर स्कूलमध्ये रिचर्ड बझ्बी या मास्तरांनी त्याला आपल्या छायेत घेतलं. लॅटिन, ग्रीक आणि युक्लिडची भूमिती तो तिथे शिकला. याच वयात त्याची पाठ वाकायला लागली आणि पुढे आयुष्यभर ती तशीच राहिली.

तिथून तो ऑक्सफर्डला गेला. घरची श्रीमंती नव्हती. त्यामुळे शिकता शिकता श्रीमंत माणसाकडे काम करणं आलंच. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाला हवेचा पंप हवा होता, तो हूकने बांधून दिला. हवेचा दाब आणि आकारमान यांचं नातं सांगणारा जो बॉइलचा नियम आपण शिकतो, त्याच्या प्रयोगांमागे हूकचे हात होते. नाव मात्र बॉइलचं झालं. हूकच्या आयुष्यात हे पुन्हा पुन्हा होणार होतं.

दर आठवड्याला नवा प्रयोग

१६६२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला प्रयोगांची जबाबदारी दिली. काम असं होतं, की दर बैठकीला तीन-चार प्रयोग तयार ठेवायचे आणि सगळ्यांसमोर करून दाखवायचे. सुरुवातीला पगाराचा पत्ता नव्हता. सर जॉन कटलर नावाच्या एका धनिकाने वर्षाला ५० पौंड देऊन व्याख्यानमाला सुरू करायचं कबूल केलं, पण पैसे द्यायच्या वेळी हात आखडता घेतला. हूकला त्यासाठी कोर्टात जावं लागलं. निकाल त्याच्या बाजूने लागला तो थेट १६९६ मध्ये, त्याच्या ६१ व्या वाढदिवसाला. तोपर्यंत कटलरही हयात नव्हता.

१६६५ मध्ये तो ग्रेशम कॉलेजमध्ये भूमितीचा प्राध्यापक झाला आणि तिथल्याच खोल्यांत शेवटपर्यंत राहिला. त्याच वर्षी त्याचं 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक आलं. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी पिसू, माशीचा डोळा, सुईचं टोक, बुचाच्या लाकडाचा पातळ काप, हे सगळं त्याने स्वतःच्या हाताने काढलं होतं. बुचातल्या कप्प्यांना त्याने दिलेलं 'सेल' हे नाव जीवशास्त्रात कायमचं राहिलं.

याच काळात रॉयल सोसायटीची माणसं घोडागाड्या सुधारायच्या मागे लागली होती. खड्ड्यातून जाताना आत बसलेल्याची हाडं खिळखिळी होऊ नयेत म्हणून गाडीला स्प्रिंग लावून बघणं चालू होतं. १६६५ च्या ऑगस्टमध्ये लंडनला प्लेगने घेरलं होतं. तेव्हा शहराबाहेर एपसमजवळ मुक्कामाला गेलेला हूक आणि त्याचे दोन सहकारी तिथेही नव्या गाड्यांची रचना करत बसले होते, अशी नोंद जॉन एव्हलिनच्या रोजनिशीत आहे. गाडी आणि हूक यांचं नातं इतकं जुनं आहे.

माशीचे पंख कानाने मोजले

आता आपल्या टक-टकीच्या जवळ येऊ.

१६६६ च्या ऑगस्टमध्ये हूकची रस्त्यात सॅम्युअल पेपिसशी गाठ पडली. पेपिस म्हणजे नौदल कार्यालयातला अधिकारी आणि रोजनिशीमुळे अजरामर झालेला माणूस. बोलता बोलता हूकने त्याला सांगितलं, की उडणारी माशी सेकंदाला किती वेळा पंख हलवते, हे तिच्या गुणगुणण्यावरून ओळखता येतं. तिचा सूर वाद्याच्या कोणत्या सुराशी जुळतो ते बघायचं. तार जितक्या वेळा कंप पावते, तितक्याच वेळा पंख हलत असणार. पेपिसला हे जरा अतीच वाटलं, पण त्याने ते लिहून ठेवलं.

यातली कल्पना फार साधी आहे. कुठलीही गोष्ट ठरावीक वेळाने आपटली किंवा हलली, की तिच्या आवाजात तो हिशेब असतो. सावकाश आपटली तर वेगवेगळे ठोके ऐकू येतात. वेग वाढला की ठोके एकमेकांना चिकटतात आणि सूर तयार होतो. १६८१ मध्ये हूकने रॉयल सोसायटीत हे करूनच दाखवलं. पितळी दातेरी चाकं वेगाने फिरवून त्याने दातांच्या ठोक्यांतून संगीतासारखे सूर काढले.

गाडीचंही असंच आहे. हळू चालवताना जी टक-टक असते, तीच वेग वाढल्यावर घरघर किंवा गुणगुण होते. म्हणूनच असा आवाज शोधायचा तर गाडी हळू चालवूनच.

जळालेलं शहर आणि थरथरणारा स्तंभ

माशीच्या गप्पा झाल्या आणि महिन्याभरात, २ सप्टेंबर १६६६ ला, लंडनला आग लागली. चार दिवसांत १३ हजारांवर घरं आणि ८७ चर्च जळाली. शहराच्या फेरउभारणीसाठी जे सर्व्हेयर नेमले, त्यांत हूक होता. जळालेल्या ढिगाऱ्यात उभं राहून कुणाची भिंत कुठे होती हे ठरवणं, शेजाऱ्यांची भांडणं सोडवणं, नव्या रस्त्यांसाठी खुंट्या ठोकणं, असं काम तो वर्षानुवर्षं करत राहिला. या कामातून त्याला चांगला पैसा मिळाला.

मित्र ख्रिस्तोफर रेन याच्यासोबत त्याने आगीचं स्मारकही उभारलं. २०२ फूट उंच, आत ३११ पायऱ्यांचा गोल जिना. आजही 'मॉन्युमेंट' म्हणून ते लंडनमध्ये उभं आहे. तो पोकळ स्तंभ प्रयोगांसाठीही वापरायचा, असा त्यांचा बेत होता. पण शेजारच्या रस्त्यावरून अखंड जाणाऱ्या गाड्यांमुळे इतकी थरथर व्हायची, की प्रयोग सोडून द्यावे लागले.

तो सांधा, ज्यात सगळी गंमत आहे

खगोलीय उपकरणं बनवताना एक अडचण यायची. एका दिशेला असलेल्या दांड्याचं फिरणं, तिरक्या दिशेला असलेल्या दुसऱ्या दांड्यापर्यंत पोहोचवायचं कसं? त्यासाठी वापरायचा सांधा हूकने १६७४ च्या पुस्तकात मांडला आणि १६७६ च्या पुस्तकात त्याला 'युनिव्हर्सल जॉइंट' असं नाव दिलं.

हा सांधा त्याच्या आधी कुणाला माहीतच नव्हता असं नाही. इटलीच्या जिरोलामो कार्दानोचं नाव त्याला युरोपात बऱ्याच ठिकाणी दिलं जातं, आणि हूकच्या आधी गॅस्पर शॉटनेही त्याबद्दल लिहिलं होतं. हूकचं वेगळेपण असं, की हा सांधा फिरताना नेमकं काय करतो, हे त्याने तपासलं.

रचना सोपी आहे. दोन दांड्यांच्या टोकाला एक-एक बेचकं. एक बेचकं आडवं, एक उभं. मध्ये अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस. एक दांडा फिरला की क्रॉस फिरतो आणि क्रॉस दुसऱ्या दांड्याला फिरवतो.

पण यात एक खोट आहे. दोन्ही दांडे सरळ रेषेत असतील तर सगळं सुरळीत. कोन झाला, की पहिला दांडा एकसारख्या वेगाने फिरला तरी दुसरा तसा फिरत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. समजा दांड्यांमध्ये ३० अंशांचा कोन आहे आणि पहिला दांडा मिनिटाला १०० फेरे अगदी समान वेगाने मारतोय. दुसऱ्याचा वेग तेव्हा सुमारे ८७ ते ११५ यांच्यात खालीवर होत राहतो. कोन १० अंशांवर आणला तर हाच फरक जेमतेम दीड टक्का वर, दीड टक्का खाली इतका उरतो.

हूकच्या हे लक्षात आलं होतं. गंमत म्हणजे त्याने या खोटीचाही उपयोग शोधला. सूर्यघड्याळाची सावलीही तबकडीवर असमान वेगानेच सरकते, ते गणित या सांध्याच्या चालीशी जुळतं.

एकाची चूक दुसऱ्याने पुसायची

१६८३ मध्ये हूकने यावर उपाय मांडला. एकाऐवजी दोन सांधे घ्यायचे, मध्ये एक दांडा ठेवायचा. पहिला सांधा जितका पुढे पळेल, तितकाच दुसरा मागे ओढेल, असं त्यांना जुळवायचं. मधला दांडा वेडावाकडा फिरला तरी शेवटचा दांडा पुन्हा समान वेगाने फिरतो.

जुनी जीप, ॲम्बेसेडर किंवा आजचा ट्रक खालून बघा. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा प्रोपेलर शाफ्ट आणि त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस. हूकची मांडणी तीच. ट्रॅक्टरच्या मागे रोटाव्हेटर फिरवणारा पीटीओ शाफ्टही तसाच. शेताच्या कडेला वळताना रोटाव्हेटर चालू ठेवून वर उचलला की शाफ्ट खडखडायला लागतो, कारण सांध्याचा कोन वाढतो. शेतकऱ्याला हे अनुभवाने माहीत असतं. वळताना पीटीओ बंद करायचा सल्ला देतात तो यामुळेच.

दुरुस्तीनंतर सुरू झालेल्या आवाजांचं एक कारणही इथेच लपलेलं असतं. शाफ्टच्या दोन्ही टोकांची बेचकी एका रेषेत असावी लागतात. बऱ्याच शाफ्टचा मधला भाग एकमेकांत सरकणारा असतो. क्रॉस बदलताना तो सुटा केला आणि परत बसवताना एक-दोन खाचा इकडेतिकडे झाल्या, तर दोन सांधे एकमेकांची चूक पुसायच्या ऐवजी वाढवतात. क्रॉस नवा, ग्रीस नवं, आणि तरी गाडी थरथरते. म्हणून जाणता मेकॅनिक शाफ्ट खोलण्याआधी दोन्ही भागांवर खडूने किंवा रंगाने खूण करतो.

क्रॉसच्या टोप्यांमध्ये सुईसारखे बारीक रोलर असतात. टोपी ठोकून बसवताना त्यातला एखादा आडवा पडला, तर सांधा घट्ट वाटतो पण फिरताना अडखळतो. हीसुद्धा नव्या भागातली जुनी चूक.

पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांना मात्र हूकचा साधा सांधा पुरेना. तिथे चाक फिरायचंही असतं आणि वळायचंही. १९२६ मध्ये अल्फ्रेड झेप्पा या इंजिनिअरने पोलादी गोळ्यांचा सांधा शोधला, ज्यात कोन झाला तरी वेग समान राहतो. १९५९ च्या मिनी गाडीत असा सांधा वापरला गेला आणि त्यानंतर छोट्या गाड्यांचं चित्रच बदललं. आपल्याकडे मारुती ८०० पासून घराघरांत पोहोचलेला 'सीव्ही जॉइंट' म्हणजे हाच. वळताना येणारी टक-टक बहुतेक वेळा त्याच्या नावावर जाते. त्याचं रबरी बूट फाटतं, ग्रीस बाहेर येतं, धूळ आत जाते, गोळ्यांच्या खाचा झिजतात, आणि गोळे आपटायला लागतात.

स्प्रिंगचा नियम नटालाही लागू

१६७६ मध्ये हूकने एक शोध कोड्यात छापला. फक्त अक्षरं, तीही वर्णक्रमाने लावलेली. दुसऱ्या कुणी शोधावर हक्क सांगू नये म्हणून त्या काळी असं करत. १६७८ मध्ये त्याने ते उलगडलं. स्प्रिंग जितकी ताणावी, तितकीच तिची ओढ वाढते. हाच हूकचा नियम.

हूकचं म्हणणं होतं की हे फक्त स्प्रिंगचं नाही, धातू, लाकूड, दगड सगळ्यांचं आहे. गाडीत याचा अर्थ काय? नट-बोल्ट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो. तो ताणलेला बोल्ट स्प्रिंगसारखा दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. कमी आवळला तर दाब कमी, आणि भाग एकमेकांवर सरकायला मोकळे. मर्यादेबाहेर आवळला तर बोल्ट पुन्हा मूळ जागी येत नाही.

नवा ॲक्सल बसवल्यावर चाकाच्या मधला मोठा नट कंपनीने सांगितलेल्या मापाने, टॉर्क रेंचने आवळला नाही, तर गाडी निघताना किंवा रिव्हर्समधून पुढे घेताना टक असा एकच आवाज येऊ शकतो. सीव्ही जॉइंट निर्दोष असतो. त्याला धरून ठेवणारी ओढच कमी पडलेली असते. अशा वेळी तिसरा ॲक्सल घेतला तरी काही होणार नाही.

न्यूटनशी वाद आणि हरवलेलं चित्र

हूकला कारागिरांत बसायला आवडायचं. गॅरावेसारख्या कॉफी हाउसमध्ये तो तासन् तास असायचा. घड्याळजी थॉमस टॉम्पियनसोबत त्याने १६७५ मध्ये राजा दुसऱ्या चार्ल्ससाठी स्प्रिंगवर चालणारं घड्याळ बनवून घेतलं. कारण नेदरलँड्सच्या क्रिस्तियान हायगेन्सने त्याच वर्षी तशीच कल्पना जाहीर केली होती आणि हूकचं म्हणणं होतं की ती आपली आहे, फार आधीची. कल्पना त्याच्याकडे ढिगाने असत, पण एक पूर्ण करण्याआधी दुसरी सुरू होई. मग ती दुसऱ्या कुणी पूर्ण केली, की भांडण.

सगळ्यात मोठं भांडण आयझॅक न्यूटनशी झालं. १६७२ मध्ये न्यूटनच्या प्रकाशाच्या सिद्धांतावर हूकने टीका केली, तेव्हापासून कटुता आली. १६७९ मध्ये हूकने न्यूटनला पत्रांतून ग्रहांच्या गतीबद्दल आपली कल्पना कळवली. ग्रह सरळ जाऊ बघतो, सूर्य त्याला ओढतो, आणि ही ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. गणिताने ते सिद्ध करणं हूकला जमलं नाही, न्यूटनला जमलं. १६८७ मध्ये 'प्रिन्सिपिया' छापताना हूकने श्रेय मागितलं, तेव्हा चिडलेल्या न्यूटनने त्याचे बरेचसे उल्लेख काढून टाकले.

३ मार्च १७०३ रोजी ग्रेशम कॉलेजमधल्या आपल्या खोलीत हूक वारला. शेवटची वर्षं आजारपणात गेली, डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. तो गरिबासारखा राहायचा, पण त्याच्या पेटीत हजारो पौंड निघाले. त्याच वर्षाअखेरीस न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. हूकचं खात्रीचं असं एकही चित्र आज नाही. ते न्यूटनने नष्ट केलं अशी गोष्ट सांगतात, पण तिला पुरावा नाही.

यंत्राचं पोट ऐकणारा कान

हूकच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १७०५ मध्ये, रिचर्ड वॉलरने त्याचे राहिलेले कागद छापले. त्यात एक विचार आहे, जो प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लावावा असा आहे.

हूकचं म्हणणं थोडक्यात असं. घड्याळ न उघडता आपण त्याच्या चक्राची टिकटिक, चाकांचं धावणं, दातांचं घासणं ऐकू शकतो. मग इतर वस्तूंच्या आतल्या हालचालीही आवाजावरून का कळू नयेत? माणसाच्या शरीरात कुठला कारखाना नीट चाललाय आणि कुठला बिघडलाय, हेसुद्धा एक दिवस कानाने कळेल. लोक हसतील हे त्याला माहीत होतं, पण आपण हृदयाचे ठोके स्पष्ट ऐकलेत असंही त्याने नमूद केलं.

१८१६ मध्ये पॅरिसमध्ये रेने लाएनेक या डॉक्टरने कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. पुढे मेकॅनिकांसाठीही स्टेथोस्कोप आला, त्याच्या टोकाला पडद्याऐवजी धातूची कांडी असते. काही जुने मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून बेअरिंग ऐकतात, तेही हेच.

मग आपल्या गाडीचं काय?

हूकची पद्धत गाडीला लावायची तर आधी मोजायचं, मग खोलायचं.

छोट्या गाडीच्या चाकाचा घेर साधारण १.८ मीटर धरा. ताशी ५ किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीने गाडी चालवली, तर चाक सुमारे सव्वा सेकंदाला एक फेरा मारतं. टक तितक्याच अंतराने येत असेल, तर संशय चाकाबरोबर फिरणाऱ्या गोष्टींवर. टायरमध्ये अडकलेला खडा, ढिला चाकाचा नट, वाकडी ब्रेक डिस्क, चाकाचं बेअरिंग. मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या साधारण चारपट फिरतो. त्यामुळे त्याच चालीला सेकंदाला तीनएक ठोके पडत असतील, तर शाफ्ट आणि क्रॉस बघायचे.

मग परिस्थिती बदलून ऐका. मोकळ्या, सुरक्षित जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. ॲक्सिलरेटर दिल्यावर टक-टक सलग वाढली, तर चाकाजवळचा सीव्ही जॉइंट. बऱ्याचदा वळणाच्या बाहेरच्या बाजूचा, पण दरवेळी नाही. गाडी जागेवर उभी असताना नुसतं स्टिअरिंग फिरवल्यावर आवाज आला, तर ॲक्सल फिरतच नाहीये. मग सस्पेन्शनचं वरचं बेअरिंग किंवा स्टिअरिंगचे सांधे बघायचे. गिअर बदलताना किंवा रिव्हर्समधून पुढे येताना एकच ठोका पडला, तर कुठेतरी प्ले आहे, म्हणजे क्रॉस, आतला जॉइंट, ढिला नट किंवा इंजिनाचं माउंटिंग. ब्रेकवर हलका पाय ठेवल्यावर आवाज थांबला, तर ब्रेक पॅड आणि त्याच्या क्लिपा आधी तपासा.

शेवटचा प्रश्न, आवाज दुरुस्तीच्या आधी होता की नंतर सुरू झाला? तोच आवाज तसाच राहिला असेल, तर बहुधा चुकीचा भाग बदलला गेलाय. नवीन आवाज असेल, तर आधी नुकतंच जे खोललं होतं तेच पुन्हा बघायचं.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. चाक नुकतंच काढून बसवलं असेल आणि टक-टक सुरू झाली, तर पुढे न जाता गाडी थांबवा आणि चाकाचे नट तपासा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

गॅरेजमध्ये जाल तेव्हा नुसतं आवाज येतोय असं सांगू नका. किती वेगाला, कोणत्या वळणाला, चाकाच्या एका फेऱ्याला किती वेळा, हे सांगा. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून न्या. त्याने मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचे एका ॲक्सलचे पैसेही वाचू शकतात.

२००६ मध्ये इंग्लंडमधल्या एका घरात हूकच्या हस्ताक्षरातली शेकडो पानं सापडली. रॉयल सोसायटीच्या बैठकींच्या त्या नोंदी होत्या, आणि सोसायटीने सुमारे १० लाख पौंड मोजून त्या परत मिळवल्या. हयातीत ज्याला पगारासाठी थांबावं लागलं, त्याच्या अक्षराला तीनशे वर्षांनी ही किंमत आली. त्याचा चेहरा कुणाला माहीत नाही. पण हायवेवरून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या खाली त्याचा सांधा फिरतोय, आणि तो बिघडला की आवाज देऊन सांगतोही.